पंचेचाळीसचं ऊन आणि एकशे दोनचा ताप

मे महिना, दुपारचे अडीच. कूलरच्या घरघरीत फोन वाजलेला कळलाच नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या. "थर्मामीटर बिघडलं वाटते बाप्पा. पोट्टीचं अंग तव्यावानी तापून राहिलं आणि हे एकोणचाळीस दाखवून राहिलं. एकोणचाळीस कुठं ताप असते का?"

खाली गेलो. नात पलंगावर पडली होती, ओठ सुकलेले, डोळे अर्धे मिटलेले. थर्मामीटरच्या छोट्या खिडकीत ३९.४ दिसत होतं आणि त्याच्या कोपऱ्यात, चष्मा लावूनही दिसू नये इतकं बारीक 'सी' अक्षर. काकूंनी सकाळीच नवा सेल टाकला होता, त्या गडबडीत बटण जास्त वेळ दाबलं गेलं असणार. मी तेच बटण पुन्हा दाबून धरलं, परत काखेत लावलं. आता आकडा आला १०२.९.

"अव माय!" म्हणत काकू उठल्या आणि दोन मिनिटांत रिक्षा बोलावून मोकळ्या झाल्या. पोरगी तीच आणि तिचा तापही तोच. पहिल्या आकड्यावर त्यांनी थर्मामीटरवर संशय घेतला, दुसऱ्यावर पायात चपला घातल्या. (पोरगी दोन दिवसांत बरी झाली.)

काकूंना सेल्सियस कळत नाही असं कोणी म्हणेल, तर तेही खरं नाही. त्याच सकाळी जिन्यात भेटल्या तेव्हा मला सांगत होत्या, "काल चव्वेचाळीसवर गेलं होतं म्हणे. आज पंचेचाळीस पार करते की नाही पाहा." नागपुरात हा आकडा लहान पोरांनाही कळतो. बेचाळीस म्हणजे नेहमीचं, चव्वेचाळीस म्हणजे दुपट्टा बांधल्याशिवाय गाडी काढायची नाही, सेहेचाळीस म्हणजे इतवारीतली खरेदी संध्याकाळवर टाकायची. नवतपा (मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस) लागला की चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसतो. म्हणजे आम्ही सेल्सियसमध्ये चांगले तयार आहोत, पण फक्त आभाळापुरते. अंगाची गोष्ट आली की आमची भाषा बदलते. तिथे शंभर म्हणजे कणकण, एकशे दोन म्हणजे सुट्टी, एकशे चार म्हणजे रात्रीचा दवाखाना. एका घरात, एका दुपारी, दोन वेगवेगळ्या मापांनी बोलणारे आपण, आणि या दोन मापांची एकमेकांशी गाठ कधी पडत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. अंगाचा तापही आता सेल्सियसमध्ये मोजायला आणि सांगायला लागावं: दवाखान्याच्या केसपेपरवर, औषधाच्या दुकानातल्या थर्मामीटरवर, शाळेत, उष्माघाताच्या सरकारी फलकांवर. आणि याची गरज मुंबई-पुण्यापेक्षा नागपूरला जास्त आहे.

का, ते दोन आकडे शेजारी ठेवले की दिसतं. निरोगी माणसाचं अंग सदतीस, मेमधली दुपारची हवा पंचेचाळीस. हवा अंगापेक्षा आठ अंशांनी गरम. हे वाक्य मी गेल्या उन्हाळ्यात निदान वीस जणांना ऐकवलं असेल. त्यांत इंजिनीअर होते, बँकवाले होते, एक गणिताचे निवृत्त मास्तर होते. जवळजवळ प्रत्येकजण क्षणभर थांबला. पंचेचाळीस सगळ्यांना ठाऊक होतं, अठ्ठ्याण्णव पॉइंट सहाही ठाऊक होतं. पण पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा आहे हे कुणाच्या मनात कधी आलं नव्हतं. कसं येणार? पंचेचाळीस आणि अठ्ठ्याण्णव पाहिले तर अठ्ठ्याण्णवच मोठा दिसतो.

हा नुसता आकड्यांचा खेळ असता तर मी लिहिलं नसतं. उष्णता उताराकडे वाहते, जास्त गरमाकडून कमी गरमाकडे. आपलं शरीर दिवसभर उष्णता तयार करत असतं आणि ती बाहेर टाकत असतं. त्वचेचं तापमान साधारण चौतीस-पस्तीस असतं. डिसेंबरात बाहेर पंचवीस असलं की उतार अंगाकडून हवेकडे असतो आणि उष्णता आपोआप निघून जाते. बाहेरचा आकडा पस्तिसाच्या पुढे गेला की हा उतार फिरतो. मग वारा लागला तरी तो अंगाची उष्णता नेत नाही, उलट आणून देतो. पंख्याखाली बसून "गरम हवा फेकून राहिला" असं आपण म्हणतो ते अगदी शब्दशः खरं असतं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही असाच आहे की चाळीस अंशांच्या वर पंख्यावर विसंबू नका. एकाच मापात विचार करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, त्याला ते आकड्यातच दिसतं.

मग आपण मे महिन्यात जगतो कसे? घामावर. एक लिटर घाम अंगावर वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि उतार उलटा फिरल्यावर शरीराकडे एवढाच एक रस्ता उरतो. नागपूरच्या कोरड्या हवेत घाम इतका झटकन वाळतो की आला होता हेच कळत नाही. मुंबईचा पाहुणा इथे येऊन म्हणतो, "वा, तुमच्याकडे घाम नाही!" त्याला सांगावं लागतं की संध्याकाळी शर्ट काढून पाहा. पाठीवर आणि टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटलेली असते. तेवढं पाणी आणि तेवढं मीठ अंगातून गेलेलं असतं, म्हणून ताक, पन्हं, लिंबू-साखर-मिठाचं पाणी. जुन्या माणसांनी हे सगळं ठरवलं ते थर्मामीटर न बघता, हेही कबूल करायला हवं.

कूलरसुद्धा हेच करतो, फक्त घामाच्या जागी गवताच्या ताट्या. मेमध्ये त्याची हवा अंगावर काटा आणते आणि जूनच्या मध्यावर पहिले ढग आले की तोच कूलर खोलीची दमट कोठडी करून टाकतो, बाहेरचं तापमान पाच-सात अंशांनी उतरलेलं असूनही. त्याबद्दल, म्हणजे आर्द्रता धरून तापमान सांगावं की नाही याबद्दल, वेगळा लेख लिहावा लागेल. पण तो वाद नीट घालायलाही आधी अंग आणि हवा एकाच पट्टीवर यावी लागतात. ओल्या फडक्याच्या थर्मामीटरवर (बुडाला ओलं कापड गुंडाळलेला, म्हणून हवेचा दमटपणाही धरणारा) पस्तीस हा माणसाच्या सहनशक्तीचा शेवट मानतात असं वाचलं, तर पस्तीसच का हे ज्याला त्वचेचा आकडा सेल्सियसमध्ये माहीत आहे त्यालाच उमगेल.

आता उष्माघात. डॉक्टरांची ढोबळ खूण अशी की अंगाच्या आतलं तापमान चाळीसच्या वर आणि त्याबरोबर माणूस बरळतो, गोंधळतो किंवा शुद्ध हरपतो. चाळीस सेल्सियस म्हणजे बरोबर १०४ फॅरनहाइट. घरी मात्र आपण काय करतो? ऊन लागून आलेल्याच्या काखेत थर्मामीटर लावतो, १०२ दिसतं (काखेतला आकडा आतल्यापेक्षा कमीच असतो), "ताप आहे" म्हणतो आणि पॅरासिटामॉल देतो. पण साधा ताप आणि उष्माघात या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तापात मेंदूतलं नियंत्रण स्वतःच शरीराचा आकडा वर नेऊन ठेवतं, आणि गोळी त्या नियंत्रणाला खाली आणते. उष्माघातात नियंत्रण सदतीसच मागत असतं, ते हरलेलं असतं. तिथे गोळी निरुपयोगी. तिथे हवं पाणी, ओलं कापड, वारा, बर्फ आणि ताबडतोब दवाखाना. "ताप" हा एकच शब्द दोन्हीसाठी वापरण्याची आपली सवय आणि तापाला वेगळी मोजपट्टी ठेवण्याची सवय, या दोन्ही मिळून उन्हाचा अंगाशी असलेला संबंध पुसून टाकतात. ऊन बाहेर राहतं आणि ताप घरात, जणू दोन वेगळ्या खात्यांचे विषय.

आमच्या चौकात एका उन्हाळ्यात फलक लागला होता. वरच्या ओळीत पारा पंचेचाळीसवर गेल्यास घ्यायची काळजी आणि खाली लक्षणांत "१०४ पेक्षा जास्त ताप". दोन्ही आकड्यांपुढे नुसतं शून्याचं बारीक चिन्ह, कोणत्या मापातलं ते नाही. लिहिणाऱ्याला खात्री होती की लोक आपोआप समजतील. आणि गंमत म्हणजे समजतातही! पण ते समजणं वेगवेगळ्या कप्प्यांतलं असतं.

फॅरनहाइटबद्दल माझ्या मनात राग नाही. १६८६ साली डान्झिगमध्ये जन्मलेला हा माणूस काचेच्या नळ्या फुंकण्यात आणि पारा भरण्यात इतका निष्णात होता की त्याची दोन थर्मामीटरं एकसारखा आकडा दाखवत, आणि त्या काळात ही जादू होती. १७२४ मध्ये त्याने आपली पट्टी लोकांपुढे मांडली. बर्फ, पाणी आणि क्षाराचं मिश्रण शून्य, नुसतं बर्फ-पाणी बत्तीस आणि निरोगी माणसाच्या तोंडातला किंवा काखेतला आकडा शहाण्णव. म्हणजे मुळात ही पट्टी माणसाच्या अंगावरच बेतलेली. पुढे पाणी उकळण्याचा बिंदू २१२ वर पक्का करताना पट्टी किंचित ताणली गेली आणि अंगाचा आकडा शहाण्णववरून सरकला. म्हणजे ज्या मापाला आपण "तापाचं नैसर्गिक माप" समजतो त्यातला अंगाचा आकडाच जागेवर राहिलेला नाही.

त्या ९८.६ मधल्या दशांश सहाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. तापाचं शास्त्र उभं करणारा जर्मन डॉक्टर कार्ल वुंडरलिश याने सुमारे पंचवीस हजार रुग्णांचं तापमान मोजून १८६८ मध्ये निष्कर्ष काढला, आणि तो सेल्सियसमध्ये होता: सदतीस. गोळाबेरीज आकडा. हा सदतीस फॅरनहाइटमध्ये फिरवला की ९८.६ येतो, आणि लोकांना वाटू लागलं की शरीर दशांशापर्यंत मोजून चालतं. आपल्याकडच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरवर बाण ९८.४ वर असायचा, आमच्या आजोबांसाठी तोच वेद होता. ९८.४ की ९८.६ यावर दोन सुशिक्षित माणसं हमरीतुमरीवर आलेली मी पाहिली आहेत. १९९२ मध्ये अमेरिकेत निरोगी माणसांची पुन्हा मोजणी झाली तेव्हा सरासरी ३६.८ आली, म्हणजे ९८.२. खरं तर सकाळ-संध्याकाळ माणसाचा आकडा अर्ध्या अंशाने सहज हलतो. पण दशांशाचा एवढा रुबाब आहे की ९९ आलं तरी आई शाळेला चिठ्ठी लिहिते.

सेल्सियसचा इतिहासही सरळ नाही. उपसालाच्या अँडर्स सेल्सियसने १७४२ मध्ये मांडलेली पट्टी उलटी होती, पाणी उकळतं तिथे शून्य आणि गोठतं तिथे शंभर. त्याच्या हिशेबाने आमचं पंचेचाळीस म्हणजे पंचावन्न झालं असतं आणि ऊन वाढलं की आकडा घटला असता. तो १७४४ मध्ये गेला आणि पट्टी सुलटी झाली. 'सेंटिग्रेड' हे नाव टाकून 'सेल्सियस' हे अधिकृत नाव आलं ते थेट १९४८ मध्ये. आमचे मास्तर मात्र शेवटपर्यंत सेंटिग्रेडच म्हणत राहिले. सांगायचं एवढंच की दोन्ही मापं माणसांनी ठरवलेली, दुरुस्त केलेली, ताणलेली. कोणतंही पवित्र नाही. त्यामुळे बदलण्यात पापही नाही.

नागपूरकराला हे पटवायला झीरो माइलपेक्षा चांगला दाखला नाही. तो खांब म्हणजे अंतरं मोजायची सुरुवात. तिथे शून्य लिहिलं म्हणून तिथे रस्ता नाही असं कोणी म्हणत नाही. रस्ता चारही दिशांना आहे, आपण फक्त तिथून मोजायचं ठरवलं. सेल्सियसचा शून्य तसा खांब आहे, पाणी गोठण्याच्या जागी रोवलेला. तिथे उष्णता संपत नाही. म्हणून "चाळीस अंश म्हणजे वीसच्या दुप्पट गरम" हे वाक्य चुकीचं, जसं झीरो माइलपासून चाळीस किलोमीटरवरचं गाव वीसवरच्या गावापेक्षा दुप्पट "लांब" नसतं, ते फक्त त्या खांबापासून दुप्पट लांब असतं. उष्णतेचा खरा तळ उणे २७३.१५ वर आहे. १८४८ मध्ये विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, निरपेक्ष पट्टीची कल्पना मांडली. तळापासून मोजण्याच्या त्या पट्टीला आज त्याचंच नाव आहे. तिच्यावर वीस म्हणजे २९३ आणि चाळीस म्हणजे ३१३. वाढ जेमतेम सात टक्के. ज्या सात टक्क्यांत स्वेटर घातलेला माणूस उघडाबंब होऊन फरशीवर लोळतो ते सात टक्के काय असतील, याचा विचार करावा. सजीवाची जगण्याची पट्टी किती अरुंद आहे हे मला तरी केल्व्हिनच्या मापानेच पहिल्यांदा कळलं.

हे शाळेत का कळलं नाही? शाळेत सूत्र होतं. सेल्सियसला नऊने गुणा, पाचने भागा, बत्तीस मिळवा. दोन गुणांचा प्रश्न, "४० अंश सेल्सियसचे फॅरनहाइटमध्ये रूपांतर करा". आम्ही केलं, १०४ आलं, खाली दोन रेघा मारल्या आणि वही मिटली. चाळीस म्हणजे बाहेरची दुपार आणि १०४ म्हणजे आजारी भाऊ, आणि हे दोन्ही एकच आहेत, हे एकाही मास्तराने फळ्यावर लिहिलं नाही. गणित बरोबर यायचं, अर्थ वहीबाहेर राहायचा.

सूत्राच्या पाठांतराने दुसरं नुकसान झालं ते फरकाच्या बाबतीत. बत्तीस मिळवायचे ते खांबांच्या जागा वेगळ्या आहेत म्हणून. पण "तापमान किती वाढलं" हा प्रश्न असला की खांबाचा संबंध उरत नाही, बत्तीसही उरत नाहीत. हवामान खातं उष्णतेची लाट ठरवताना बघतं की मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० आहे का आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा जास्त चढलं आहे का, वाढ ६.४ च्या पुढे गेली तर तीव्र लाट. (थेट ४५ गाठलं तरी लाट आणि ४७ गाठलं तरी तीव्र.) आता ही साडेचार अंशांची वाढ फॅरनहाइटमध्ये ८.१ होते. सूत्र घोकलेला माणूस ४०.१ सांगतो. मी बारावी विज्ञानाच्या चार पोरांना विचारून पाहिलं, तिघांनी बत्तीस मिळवले. पृथ्वी दीड अंशाने तापली की काय होईल यावर हीच पोरं निबंध लिहिणार आहेत.

तोंडी रूपांतराची एक सोपी रीत आहे, ती शाळांनी सूत्राआधी शिकवावी असं मला वाटतं. सेल्सियसचा आकडा दुप्पट करा, त्या दुपटीतून तिचा दहावा भाग काढा, मग बत्तीस घाला. पंचेचाळीसचे नव्वद, नव्वदातून नऊ गेले, एक्याऐंशी, बत्तीस घातले, एकशे तेरा. कागद लागत नाही. आणि हा एकशे तेरा ऐकून कोणत्याही आईच्या पोटात गोळा येतो, कारण एकशे सातचा ताप तिने कधी ऐकलेलाही नसतो. गेल्या पिढीतल्या नागपूरकरांना हे ठाऊक होतं. आजोबा उन्हाळ्याचं वर्णन "एकशे पंधरा होतं" असं करत. त्यांच्या डोक्यात ऊन आणि ताप एकाच मापात होते, फॅरनहाइटच्या. मग १९५६ चा वजनमापांचा कायदा आला, १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे आले, शेर गेला, मैल गेला, आणि त्याच लाटेत हवामानाचा आकडाही सेल्सियसवर आला. ताप मागे राहिला. आजोबांची एक पट्टी तोडून आपण दोन केल्या, आणि अर्धवट राहिलेलं ते काम आजही तसंच पडून आहे.

इथे कोणी म्हणेल, मग हवामानच परत फॅरनहाइटवर न्या, हिशेब जुळेल. जुळेल खरा. पण एसीचा रिमोट सेल्सियसचा, फ्रिज सेल्सियसचा, गीझर सेल्सियसचा, रसायनशास्त्राचं पुस्तक सेल्सियसचं. एकटा ताप वेगळा उरला आहे, तर त्या एकट्याला हलवणं स्वस्त.

आक्षेप दुसरेही आहेत आणि त्यातला एक मला खरोखर वजनदार वाटतो. शंभर हा आकडा. तापाची सीमा शंभरावर असणं ही फॅरनहाइटची मोठी सोय आहे, लिहिता न येणाऱ्या आजीलाही "शंभराच्या वर गेला का?" हे कळतं. सेल्सियसमध्ये तशी गोल रेघ नाही, अडतीस हा काही मनात ठसणारा आकडा नव्हे. मान्य. पण शंभर फॅरनहाइट म्हणजे ३७.८, आणि अडतीस म्हणजे १००.४, सीमा जवळजवळ तिथेच आहे. ब्रिटनमध्ये, जिथून हा फॅरनहाइट आपल्याकडे आला, तिथली सरकारी आरोग्यसेवा आज लोकांना अडतीस हाच आकडा सांगते. आणि आकडा ठसतो तो गोलपणामुळे नाही, वापरामुळे. पंचेचाळीस तरी कुठे गोल आहे? तो नागपूरच्या पोरापोरांत ठसला तो दर मेमध्ये अंगावर आला म्हणून.

फॅरनहाइट जास्त बारीक मोजतो, हा आक्षेप डिजिटल थर्मामीटरने निकालात काढला, दोन्हीत दशांश असतो. "डॉक्टरांना सवय आहे" हा आक्षेप मी डॉक्टरांच्या तोंडून कमी आणि दुसऱ्यांच्या तोंडून जास्त ऐकला. त्यांची पाठ्यपुस्तकं आणि शोधनिबंध आधीच सेल्सियसमध्ये असतात, रोग्यासाठी ते भाषांतर करतात. आणि "आपण जमीन एकरात, घर स्क्वेअर फुटात, सोनं तोळ्यात मोजतोच की, मग तापच का?" हा आक्षेप चांगला आहे, त्याचं उत्तर असं की तोळ्याची आणि एकराची तुलना करायची वेळ कुणावर येत नाही. ऊन आणि अंग यांची तुलना नागपुरात वर्षातले निदान साठ दिवस करावी लागते.

मापाची ओळख नसली की अफवाही फोफावतात. २०२४ च्या मेअखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झळकली आणि तासाभरात प्रत्येक फोनवर पोचली. त्याच आठवड्यात दिल्लीत मुंगेशपूरच्या केंद्राने ५२.९ दाखवलं होतं, तेव्हा लोक तयारच होते. हवामान खात्याने दोन्हीकडे उपकरणात दोष असल्याचं सांगितलं. पण आकडा जाणणाऱ्याला खुलाशाची वाट बघायची गरज नव्हती. जगात नोंदलेलं सर्वाधिक तापमान ५६.७, तेही अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत १९१३ मध्ये. नागपूरचा स्वतःचा उच्चांक २३ मे २०१३ चा, ४७.९. त्यावर एका दिवसात आठ अंश? शहराचं तापमान असं उडी मारत नाही. गाडीच्या डॅशबोर्डवरच्या एकोणपन्नासचा फोटो टाकणाऱ्यांचंही तेच. हवेचं तापमान सावलीत, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून वर टांगून मोजतात. वर्धा रोडवर सिग्नलला तापलेल्या बॉनेटमागून नव्हे. तरी डांबरावर उभ्या असलेल्या हातगाडीवाल्याला पेटीतल्या पंचेचाळीसपेक्षा जास्तच भोगावं लागतं, हेही तितकंच खरं, आणि त्याचा आकडा कुणीच छापत नाही.

मला काय हवंय ते मोठं नाही. दवाखान्यांनी पुढची काही वर्षं केसपेपरवर दोन्ही आकडे लिहावेत, सेल्सियस आधी. थर्मामीटर विकताना तो सेल्सियसवर लावलेला असावा आणि सी-एफची अक्षरं साठीच्या माणसाला दिसतील एवढी तरी असावीत. उन्हाच्या इशाऱ्यात "कमाल ४५" च्या शेजारी "अंगाचं ३७" छापावं, बाकी उपदेश कमी केला तरी चालेल. वर्तमानपत्रांनी रोजच्या तापमानाच्या चौकटीत एवढी एक ओळ घातली तर महिनाभरात ती तोंडपाठ होईल. कशावरही बंदी नको. नव्या पैशांबरोबर आणेही काही वर्षं चाललेच होते.

काकूंच्या थर्मामीटरच्या डबीवर मी चिकटपट्टी लावून दिली: ३७ बरा, ३८ ताप, ३९ गोळी आणि डॉक्टरला फोन, ४० रिक्षा. पहिले काही दिवस त्या दर वेळी वर फोन करून "जुन्यात किती?" विचारायच्या. नंतर ते कमी झालं, बंद नाही झालं. परवा मात्र सकाळी सात वाजता जिन्यात दिसल्या, दुपट्टा बांधून, पिशवी घेऊन. एवढ्या लवकर कुठे, विचारलं.

"बँक दहाला उघडते, ठाऊक आहे मले. पण आज चव्वेचाळीस सांगितलं न पेपरात, आणि आपण सदतीस. बाकीची कामं आधी उरकतो, उघडली की पहिला नंबर लावतो आणि अकराच्या आत घरी येतो."

ताकाची बाटली पिशवीतून डोकावत होती.